चालतं सगळीकडे, पण कोणाच्या परवान्यावर?

पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोहे पट्ट्यात गणपतीचे कारखाने वर्षभर चालतात. विसर्जन झालं की थोड्याच दिवसांत पुढच्या सालाचं काम सुरू होतं, आणि परदेशी जाणारा माल तर चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी न्हावाशेवा बंदराच्या वाटेला लागतो. एवढ्या मालाचा हिशेब ठेवणं सोपं नाही. दगडूशेठ घाटाच्या बारा इंची किती नग, टिटवाळा घाटाच्या नऊ इंची किती, कच्चे किती, रंगून तयार किती, डोळ्यांची आखणी करणाऱ्यांची मजुरी किती झाली, कोणत्या गिऱ्हाइकाची उचल किती. मी पेणमध्ये राहते आणि अशा कामांसाठी छोटे प्रोग्रॅम लिहून देते. आठवड्यातले काही दिवस रोह्याला जाते. तिथे धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. त्यांतल्या लहान कंपन्यांना प्रयोगशाळेतल्या नमुन्यांची नोंद, स्टोअरमधल्या ड्रमांचा साठा अशी कामं लागतात.

मूर्ती असो की रसायन, दोन्हीकडची मागणी सारखीच असते. ऑफिसात जुना विंडोजचा कॉम्प्युटर आहे, त्यावर प्रोग्रॅम चालला पाहिजे. गोदामात उभ्याउभ्या मोबाइलवर नोंद करता आली पाहिजे. शेठच्या मुलीने मॅकबुक घेतलाय, तिला प्रोग्रॅम त्यावर घरून बघता आला पाहिजे. आणि उद्या नव्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स टाकला तरी काम अडता कामा नये. "ताई, एकदाच लिहा, पण सगळीकडे चाललं पाहिजे," असं मला नेहमी सांगितलं जातं, आणि मागणी रास्तच आहे.

मात्र याच्या जोडीचा दुसरा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. ज्या भाषेत आणि ज्या साधनांनी हा प्रोग्रॅम लिहिला, ती वापरायची परवानगी कोणी दिली आहे, आणि कोणत्या अटींवर? त्या अटी उद्या बदलल्या तर आपलं काय? हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो विचारायला प्रोग्रॅमर असावं लागत नाही, हे मला या लेखात सांगायचं आहे.

एक प्रोग्रॅम, अनेक यंत्रं

प्रोग्रॅमर जे लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. तो माणसाला वाचता येतो. यंत्राला लागतात ते आकड्यांतले हुकूम. विंडोजसाठी तयार केलेली फाइल मॅकवर उघडत नाही, कारण फाइलची मांडणी वेगळी, पडद्यावर खिडकी उघडा किंवा प्रिंटरला पान पाठवा हे सांगायची पद्धत वेगळी, आणि कित्येकदा आतला प्रोसेसरही वेगळा.

ही अडचण सोडवायचे मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला, सोर्स कोड एकच ठेवायचा आणि प्रत्येक यंत्रासाठी त्याची वेगळी फाइल तयार करून घ्यायची. सी, सी प्लस प्लस, फ्री पास्कल, गो, रस्ट या भाषा या वाटेने जातात. फाइल वेगाने चालते, ग्राहकाच्या मशीनवर फारसं काही बसवावं लागत नाही. मात्र प्रत्येक यंत्रासाठी फाइल वेगळी करून वेगळी तपासावी लागते.

दुसरा मार्ग मधल्या यंत्राचा. प्रोग्रॅम एका काल्पनिक यंत्रासाठी तयार करायचा आणि ते काल्पनिक यंत्र विंडोजवर, लिनक्सवर, मॅकवर बसवायचं. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली जावा आणली ती याच वचनावर. मायक्रोसॉफ्टची सी शार्प आणि तिच्या खालचं डॉटनेट हेही याच जातीचे.

तिसऱ्या मार्गात सोर्स कोड जसाच्या तसा ग्राहकाकडे जातो आणि तिथला दुभाषी प्रोग्रॅम तो वाचत वाचत चालवतो. पायथन आणि जावास्क्रिप्ट इथे बसतात. लिहायला सोपं, बदलायला सोपं, पण ग्राहकाच्या मशीनवर योग्य आवृत्तीचा दुभाषी हवा. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी थांबला, तेव्हा जुने प्रोग्रॅम पायथन ३ मध्ये आणणं सगळ्यांनाच भाग पडलं.

मोबाइल आल्यापासून या मार्गांची सरमिसळ झाली आहे. गूगलचं फ्लटर डार्ट भाषेत लिहिलेला एकच प्रोग्रॅम अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स आणि ब्राउझर अशा सगळ्या ठिकाणी नेतं. त्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली.

रफार कुठे पडतो

सगळीकडे चालणं म्हणजे काय, हे मराठी बिल छापताना नीट कळतं. 'मूर्ती' हा शब्द कॉम्प्युटरमध्ये साठवलेला असतो तो असा: म, दीर्घ उकार, र, हलंत, त, दीर्घ वेलांटी. पडद्यावर मात्र तो 'र' उडी मारून 'ती'च्या डोक्यावर रफार होऊन बसायला हवा. 'शिल्लक' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी साठवलेली असते 'श'च्या नंतर आणि दिसायला हवी आधी. ही हलवाहलव करणारा वेगळा भाग प्रोग्रॅमच्या पोटात किंवा त्याच्या खालच्या यंत्रणेत असावा लागतो. पीडीएफ बनवणाऱ्या कित्येक तयार साधनांत तो नसतो. मग पडद्यावर सुरेख दिसणारं बिल कागदावर 'मूर् ती' होऊन येतं. इंग्रजीत तपासणाऱ्याला ही चूक कधीच दिसणार नाही. म्हणून नवं साधन हाती आलं की मी त्यात सगळ्यात आधी हे दोन शब्द छापून बघते.

हे काम चोख करणारं एक साधन आहे, हार्फबझ. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस, क्यूटी, फ्लटर यांत तेच आहे. जावाच्या खुल्या आवृत्तीनेही नवव्या आवृत्तीपासून तेच घेतलं. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या इतक्या ठिकाणी एकच साधन पोचलं, कारण त्याचा परवाना एमआयटी धाटणीचा आहे: घ्या, वापरा, बदला, विका, फक्त मूळ कर्त्याची सूचना काढू नका. मराठी आज बहुतेक पडद्यांवर बरोबर दिसते त्यात या मोकळ्या परवान्याचा मोठा वाटा आहे.

फॉन्टलाही परवाना असतो. विंडोजबरोबर येणारा मंगल किंवा निर्मला उचलून लिनक्सवर टाकणं त्याच्या अटींत बसत नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मात्र ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत. तो फॉन्ट एकटा विकता येत नाही, पण विकाऊ प्रोग्रॅमसोबत देता येतो. माझ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये मुक्ता असतो आणि त्याच्या शेजारी त्याच्या परवान्याची फाइल असते. त्यामुळे पेणला छापलेलं बिल आणि रोह्याला छापलेलं बिल एकसारखं दिसतं.

साचा आणि मूर्ती

परवाना ही गोष्ट समजायला पेणच्या कारखान्याइतकं चांगलं ठिकाण नाही. मूर्तिकार आधी एक मूळ मूर्ती घडवतो, तिच्यावरून रबराचा साचा होतो आणि साच्यातून नगामागून नग निघतात. गिऱ्हाईक मूर्ती विकत घेतं, साचा नाही. प्रोग्रॅमचंही तसंच. आपल्या मशीनवर चालणारी फाइल म्हणजे मूर्ती, आणि सोर्स कोड म्हणजे साचा. परवाना सांगतो की साचा मिळेल का, तो बदलता येईल का, बदललेल्या साच्यातून काढलेला माल विकता येईल का, आणि विकलात तर तुमचा साचा पुढच्याला दाखवावा लागेल का.

कायद्याच्या नजरेत प्रोग्रॅम ही साहित्यकृती आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीच्या व्याख्येतच कॉम्प्युटर प्रोग्रॅम येतो. त्याच कायद्याचं कलम ६३ ब सांगतं की चोरीची प्रत आहे हे माहीत असून प्रोग्रॅम वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. कारखाना चालवणाऱ्याने हे कलम डोळ्यांखालून घातलेलं बरं.

परवान्यांचे ढोबळ प्रकार चार. पहिला मालकीचा: साचा मिळत नाही, वापरण्याची मुभा मिळते आणि तीही मोजून. दुसरा मोकळा: एमआयटी, बीएसडी, अपाचे. यांतला एमआयटी जेमतेम पावणेदोनशे शब्दांचा आहे, चहा संपायच्या आत वाचून होतो. अपाचेत पेटंटबद्दलचं आश्वासनही आहे.

तिसरा जीपीएल. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मोकळ्या सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि त्यातूनच १९८९ मध्ये या परवान्याची पहिली आवृत्ती निघाली. २००७ सालची तिसरी आवृत्ती साडेपाच हजार शब्दांच्या आसपास आहे. तिचा गाभा असा: साचा घ्या, बदला, माल विका; पण ज्याला माल दिलात त्याला तुमच्या बदललेल्या साच्याचीही तीच मोकळीक द्या. इथे एक गैरसमज सर्रास असतो. जीपीएलखालचा प्रोग्रॅम बदलून स्वतःच्या कारखान्यात वापरला तर कोणाला काही द्यावं लागत नाही. दुसऱ्याला दिला तर ज्याला दिला त्याला सोर्स कोड द्यायचा. साऱ्या जगापुढे मांडायची सक्ती नाही. याचं धाकटं भावंड एलजीपीएल. ते साधन तुमच्या बंद प्रोग्रॅममध्ये जोडू देतं, फक्त ग्राहकाला त्या साधनाची नवी आवृत्ती बदलून बसवता आली पाहिजे. थोरलं भावंड एजीपीएल. तुमचा बदललेला प्रोग्रॅम तुमच्या सर्व्हरवर ठेवून लोकांना इंटरनेटवरून वापरू दिलात, तरी त्यांना सोर्स कोड द्यावा लागतो.

चौथा दुहेरी परवाना: तोच माल जीपीएलखाली फुकट, आणि ज्याला जीपीएलच्या अटी नकोत त्याला पैसे घेऊन.

भाषा आणि त्यांच्या अटी

आपल्याकडच्या जुन्या प्रोग्रॅमांपासून सुरुवात करू. नव्वदच्या दशकात पतसंस्थांचे, दुकानांचे, कारखान्यांचे हिशेब मोठ्या प्रमाणात मायक्रोसॉफ्टच्या फॉक्सप्रो या भाषेत लिहिले गेले. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सांगितलं की पुढची आवृत्ती येणार नाही, आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही थांबला. व्हिज्युअल बेसिक ६ च्या साधनाचा आधार २००८ मध्येच संपला होता. माहिती वाचली, कारण फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली लिबरऑफिसमध्ये आजही उघडतात. पण व्याजाचे नियम, मजुरीची गणितं, छापायचे नमुने हे सगळं प्रोग्रॅममध्ये अडकलेलं होतं. सोर्स कोड हातात असूनही उपयोग नाही, कारण भाषाच एका कंपनीची होती आणि शेवटी ती फक्त विंडोजपुरती उरली होती. फॉक्सप्रोतला हिशेब दुसऱ्या भाषेत आणायची कामं अजून माझ्याकडे येतात. प्रत्येक वेळी तो प्रोग्रॅम जवळजवळ पहिल्या ओळीपासून लिहावा लागतो, आणि खर्च ग्राहकाच्या खिशातून जातो.

जावाची गोष्ट याहून बोलकी आहे. सनने २००६-०७ मध्ये जावा जीपीएलखाली खुली केली, सोबत एक सवलत दिली की जावात लिहिलेल्या तुमच्या प्रोग्रॅमला जीपीएल लागू होणार नाही. २०१० च्या जानेवारीत ऑरॅकलने सन विकत घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑरॅकलने गूगलवर दावा लावला, की अँड्रॉइडमध्ये जावाची रचना उचलली आहे. सुमारे साडेअकरा हजार ओळींचा तो वाद दशकभर चालला आणि ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने निकाल दिला.

लहान उद्योगाला त्या खटल्यापेक्षा दराचा बदल जास्त लागतो. २०१९ पासून जावा ८ चे नवे सुधार धंद्यासाठी हवे असतील तर ऑरॅकलला पैसे द्यावे लागू लागले. २०२३ च्या जानेवारीत वर्गणीचा हिशेबच बदलला. जावा किती कॉम्प्युटरवर आहे याऐवजी कंपनीत माणसं किती यावर आकार ठरू लागला, अर्धवेळ आणि हंगामी माणसं धरून. लहान कंपनीला दरडोई दरमहा १५ डॉलर. समजा धाटावला चाळीस माणसांची कंपनी आहे आणि प्रयोगशाळेतल्या एकाच कॉम्प्युटरवर जावाचा प्रोग्रॅम चालतो. तिने ही वर्गणी घेतली तर चाळीस गुणिले १५ गुणिले बारा, म्हणजे वर्षाला ७,२०० डॉलर, सहा लाख रुपयांच्या घरात.

यातून वाट आहे, आणि ती त्या जीपीएलनेच ठेवली आहे. जावाचा खुला साचा आता कोणालाही परत बंद करता येत नाही. त्यावरून ॲमेझॉनची कोरेटो, एक्लिप्सची टेमुरिन अशी रूपं निघाली आहेत आणि ती धंद्यासाठीही फुकट आहेत. प्रोग्रॅम तोच, फक्त खालचं मधलं यंत्र कोणाचं बसवलंय ते बघायचं. ऑरॅकलच्या स्वतःच्या नव्या आवृत्त्याही फुकट वापरता येतात, पण ठरावीक मुदतीपुरत्याच. मुदत संपली की पुढची आवृत्ती घ्यायची. जावाचा प्रोग्रॅम असलेल्या ग्राहकाकडे गेले की मी आधी आवृत्तीची खिडकी उघडते आणि तिथलं कंपनीचं नाव वाचते.

मायक्रोसॉफ्टने उलटा प्रवास केला. २००२ मधलं डॉटनेट विंडोजपुरतं होतं. बाहेरच्यांनी 'मोनो' नावाने त्याचं खुलं रूप लिनक्सवर नेलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच डॉटनेट खुलं करत असल्याचं जाहीर केलं, आणि आज ते एमआयटी परवान्याखाली विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. पण प्रोग्रॅम लिहायचं त्यांचं साधन, व्हिज्युअल स्टुडिओ, अजून मालकीचं आहे. त्याची फुकट आवृत्ती एकट्या प्रोग्रॅमरला आणि लहान संस्थेतल्या पाच जणांपर्यंत वापरता येते. भाषेचा परवाना आणि साधनाचा परवाना वेगवेगळे असतात, हे इथे दिसतं.

पायथनमध्ये तर हे आणखी ठळक आहे. भाषा मोकळी, धंद्याला पूर्ण मुभा. पण खिडक्या, बटणं, तक्ते दाखवायला सहसा क्यूटी जोडतात, आणि पायथनला क्यूटीशी जोडणारे पूल दोन आहेत. पायक्यूटी हा रिव्हरबँक या ब्रिटिश कंपनीचा, जीपीएल किंवा पैसे अशा दुहेरी परवान्याचा. पायसाइड हा एलजीपीएलखालचा. क्यूटी एके काळी नोकियाकडे होती. एलजीपीएलवर रिव्हरबँकशी जमलं नाही म्हणून नोकियाने २००९ मध्ये पायसाइड काढला. दोन्हींत लिहिलेला कोड शेजारी ठेवला तर थोड्याच ओळी वेगळ्या दिसतात. पण पायक्यूटीच्या फुकट आवृत्तीत लिहून ग्राहकाला दिलेल्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड द्यावाच लागतो, पायसाइडमध्ये लागत नाही.

फ्री पास्कल आणि लाझारस यांवर माझा विशेष जीव आहे. बोरलँडने १९९५ मध्ये आणलेली डेल्फी आज एम्बार्काडेरोकडे आहे; तिच्या फुकट आवृत्तीला वार्षिक उत्पन्नाची पाच हजार डॉलरची मर्यादा आहे. लाझारस हा त्याच धाटणीचा खुला संसार. साधन जीपीएलखाली आहे, पण तुमच्या प्रोग्रॅममध्ये जाणारे भाग सुधारित एलजीपीएलखाली, त्यामुळे प्रोग्रॅम बंद ठेवून विकायलाही हरकत नाही. जुन्या, कमी मेमरीच्या कॉम्प्युटरवर याचे प्रोग्रॅम झटकन उघडतात, आणि आपल्या कारखान्यांतून असे कॉम्प्युटर भरपूर आहेत. मोबाइलसाठी मात्र मी फ्लटरच घेते. तिथे लाझारस तोकडा पडतो.

फ्लटरचा परवाना बीएसडी, म्हणजे मोकळा. तरी आयफोनवर ॲप पोचवायला मॅक लागतो आणि ॲपलला वर्षाला ९९ डॉलर द्यावे लागतात. गूगल प्ले एकदाच २५ डॉलर घेतं. कधी दुकानाचे नियम आणि परवाना एकमेकांना आडवे येतात. व्हीएलसी हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम २०११ मध्ये ॲपलच्या दुकानातून काढला गेला, कारण जीपीएलची मोकळीक आणि दुकानाच्या अटी यांचा मेळ बसेना.

आणि लाइव्हकोड. साध्या इंग्रजीसारखी वाचता येणारी, सगळ्या यंत्रांवर चालणारी भाषा. २०१३ मध्ये तिच्या कंपनीने लोकवर्गणी गोळा करून ती जीपीएलखाली खुली केली. २०२१ मध्ये कंपनीने खुली आवृत्ती बंद केली. त्याआधी जीपीएलखाली बाहेर पडलेला कोड मात्र मोकळाच राहिला, आणि त्यावर वापरणाऱ्यांनी स्वतः पुढे काम चालू ठेवलं. कंपनी उद्याच्या आवृत्तीचं दार लावू शकते. कालची दिलेली मोकळीक परत घेऊ शकत नाही. जीपीएलचं हे बळ मला फार मोलाचं वाटतं.

आपल्या मुलखातली कामं

हे सगळं दूरदेशीचं वाटू नये. दृष्टिहीन प्रोग्रॅमर कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं ग्नूखाता हे हिशेबाचं सॉफ्टवेअर मुंबईच्या डिजिटल फ्रीडम फाउंडेशनचं. पायथनमध्ये लिहिलेलं, एजीपीएलखालचं. ईआरपीनेक्स्ट हे कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअरही मुंबईतल्या फ्रॅपे कंपनीचं. यात एक शिकण्यासारखी निवड आहे: खालचा पाया, फ्रॅपे फ्रेमवर्क, एमआयटीखाली आणि वरचं ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली. पायावर कोणीही बंद माल बांधावा, पण खुद्द ईआरपीनेक्स्ट सुधारून ज्याला द्याल त्याच्यापुढे सुधारणा मोकळी ठेवावी, असा त्याचा अर्थ.

धाटावच्या संदर्भात मला सर्वांत जवळचं उदाहरण वाटतं ते डीडब्ल्यूसिमचं. रसायनाच्या कारखान्यात ऊर्ध्वपातनाचा मनोरा, उष्णता बदलणारं यंत्र, पंप यांची साखळी कशी वागेल हे आधी कॉम्प्युटरवर बघतात. त्यासाठीचं ॲस्पेन प्लस मालकीचं आणि लहान कंपनीला परवडण्यापलीकडचं. ब्राझीलच्या डॅनियल वॅग्नर यांनी लिहिलेलं डीडब्ल्यूसिम जीपीएलखाली आहे, डॉटनेटच्या भाषांत लिहिलेलं आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. पूर्वी लिनक्सवर ते मोनोच्या आधाराने चालायचं, म्हणजे मघाच्या डॉटनेटच्या गोष्टीचं फळ थेट इथे मिळालं. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प विद्यार्थ्यांकडून त्यावर कारखान्यांचे आराखडे करून घेतो आणि मानधनही देतो. तिथे रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक राहिलेले कण्णन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात अशा खुल्या साधनांचे धडे मराठीतही ऐकता येतात. रोह्याहून लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ महामार्गाने जवळ आहे. तिथे शिकणाऱ्या मुलाने डीडब्ल्यूसिम शिकून धाटावच्या कंपनीत पाऊल टाकलं, तर त्याचं कौशल्य कंपनीच्या महागड्या परवान्यावर अडून राहत नाही. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं आहे.

करारात काय लिहून घ्यावं

मालकीचं सॉफ्टवेअर घेऊच नये, असं माझं म्हणणं नाही. धाटावच्या माझ्या ग्राहकांपैकी कित्येकांचा हिशेब टॅलीत आहे आणि तो तिथेच राहिलेला बरा, कारण त्यांचे सीए त्यातच काम करतात. ज्या कामाला तयार आणि चोख माल मिळतो तिथे तो पैसे मोजून घ्यावा. पण जो प्रोग्रॅम खास आपल्यासाठी लिहून घेतो, ज्यात आपल्या धंद्याची रीत साठते, तिथे अटी आपल्या हातात असाव्यात.

इथे बहुतेक मालकांना माहीत नसलेली एक बाब सांगते. बाहेरच्या प्रोग्रॅमरकडून पैसे देऊन प्रोग्रॅम लिहून घेतला म्हणजे तो आपला झाला, असं नसतं. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलं तर हक्क मालकाचा. पण माझ्यासारख्या बाहेरच्या व्यक्तीने लिहिलं तर कॉपीराइट तिच्याकडेच राहतो, जोवर तो लेखी आणि सहीनिशी तुमच्या नावावर होत नाही. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर तो हक्क पाच वर्षांपुरताच दिला असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. ज्या कारखान्याच्या मूर्ती परदेशी जातात, त्याने प्रदेशाची ही ओळ विसरू नये.

म्हणून माझ्या करारात पुढच्या गोष्टी असतात. प्रोग्रॅम कोणत्या यंत्रांवर चालेल याची यादी, प्रत्येकावर मराठी बिल छापून दाखवल्याच्या नोंदीसह. कोणती भाषा, कोणती जोडसाधनं आणि फॉन्ट वापरले आणि प्रत्येकाचा परवाना कोणता याचा एक तक्ता. सोर्स कोड कधी आणि कशावर दिला. हक्क तुमचा की माझा, किती मुदतीचा, कोणत्या प्रदेशासाठी. माहिती कोणत्या उघड्या स्वरूपात बाहेर काढता येईल. सगळं मिळून दोन पानंही भरत नाहीत.

हा कागद प्रोग्रॅमरने आपणहून द्यावा, अशी माझी माझ्या पेशातल्या सगळ्यांना विनंती आहे. पेण-रोह्याच्या कॉलेजांतून पायथन आणि जावा शिकवणाऱ्यांनी एक तास परवाने वाचण्याला द्यावा. आणि प्रोग्रॅम लिहून घेणाऱ्यांनी हा कागद काम संपल्यावर नव्हे, तर पहिला हप्ता देण्याआधीच मागून घ्यावा.